येळवशीची रात्र शेतात : आभाळ बघायला थांबणाऱ्यांसाठी तयारी

लातूर-धाराशिवकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा दिवसाचा सण. सकाळीच गाव रिकामं होतं. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं घेऊन बाया शेताची वाट धरतात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडव मांडून पूजा होते, पंगती उठतात, आणि दिवस मावळताना हेंडगा, म्हणजे पेटता पलिता, फिरवून माणसं घराकडं वळतात. यंदा घरातल्या चार-पाच जणांनी वळू नये, एवढंच माझं सांगणं. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे चंद्र नाही. पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झालेले, म्हणजे बहुतेक वर्षी ढग नाहीत. गावातल्या दिव्यांपासून आपण आधीच लांब आलेलो असतो, पाठीला कोप असते, डब्यात भज्जी उरलेली असते. तारे बघायला याहून चांगली रात्र मुद्दाम शोधूनही सापडणार नाही, आणि आपल्याला ती आयती मिळते. तयारी मात्र पंधरा-वीस दिवस आधीपासून धरावी लागते.

पहिलं काम वहीचं. मोबाइलमध्ये ताऱ्यांचं ॲप घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि पावसाची नक्षत्रं क्रमानं उतरवून घ्या. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. शेतकऱ्याच्या घरात ही बारा नावं पाठ असतात, त्यांची वाहनं पाठ असतात, 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' हेही तोंडावर असतं. मी एकदा आजीला विचारलं होतं, आभाळातला हस्त, म्हणजे तुमचा हत्ती, कुठला गं? ती म्हणाली, "हत्ती पावसाळ्यात असतो बाई, आभाळात कुठनं दिसंल?" त्या वेळी मला वाटलं तिला माहीत नाही. पुढं कळलं, तिचं उत्तर जवळजवळ बरोबर होतं. सात जूनच्या सुमारास मृग निघतो म्हणजे सूर्य आभाळात मृगाच्या जागी पोचतो. मग मृगाचे तारे सूर्याबरोबरच उगवतात, त्याच्याबरोबरच मावळतात आणि त्याच्या उजेडात दिसत नाहीत. ज्या नक्षत्राचा पाऊस, ते नक्षत्र त्या दिवसांत झाकलेलंच असतं. सहा महिन्यांनी सूर्य पलीकडच्या बाजूला गेला की दिवस मावळायला मृग पूर्वेला वर येतो. येळवस नेमकी त्याच दिवसांत येते. म्हणून ही वही उशाशी ठेवायची. पहाटे तिचं काम आहे, ते शेवटी सांगते.

जागा सणाच्या दिवशी ठरवू नका. दोन-तीन दिवस आधी रात्री आठच्या सुमारास शेतात एक चक्कर मारा, कारण दिवसा बघितलेलं शेत रात्री वेगळंच निघतं. पूर्व आणि दक्षिण दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. दक्षिणेला उंच ऊस किंवा चिंचेचं झाड असेल तर बिछाना दुसऱ्या बांधावर टाका. कारखान्यांचं गाळप चालू असतं, त्या दिशेला आभाळ पिवळट दिसतं, तिकडं पाठ येईल असं बघा. शेजारच्या वस्तीवर हॅलोजन असेल तर त्यांना आधी भेटून सांगा, आणि नुसतं बंद करा म्हणू नका, बघायलाही बोलवा. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्या वर्षी तासभर दिवा मालवला होता. दुसऱ्या वर्षी तेच नातवंडं घेऊन आले.

त्याच फेरीत धोक्याच्या जागा बघून घ्या. यात कसूर नको. कठडा नसलेली विहीर सगळ्यात वाईट, कारण आभाळाकडं बघत मागं सरकणारं माणूस पायाखाली बघत नाही. विहिरीच्या अलीकडं चांगलं वीस-पंचवीस पावलांवर दोरी बांधून तिला पांढरी फडकी लटकवा आणि पोरांना दिवसाउजेडी ती हद्द दाखवा. रानडुकरांसाठी कुणी कुंपणाच्या तारेत करंट सोडतं का, ते विचारा. मोटारीच्या उघड्या वायरी कुठून गेल्यात ते बघा. कडब्याच्या गंजीला टेकून बसायचं नाही, तिथं विंचू असतो. पायात बूट, हातात काठी, आणि गावातल्या एकाला आपण कुठं थांबलोय ते माहीत असावं. बिबट्या फिरत असल्याची बातमी असेल तर रात्र घराच्या माळवदावर किंवा गच्चीवर काढा, ताऱ्यांसाठी जीव धोक्यात घालू नका. बायका-मुली थांबणार असतील तर आडोसा आणि पाण्याची बादली आधीच ठरलेली असावी. एवढ्या साध्या गोष्टीवाचून निम्म्या जणी थांबत नाहीत.

अंथरुणाचं म्हणाल तर खाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, वर वाकळ किंवा जाड गोधडी, आणि अंगावर घोंगडी. ताडपत्री विसरू नका, रात्री दहानंतर दव पडायला लागतं आणि जमिनीची ओल पाठीत शिरते. कानटोपी आणि पायमोजे दोन-दोन. मान वर करून उभं राहू नका, पंधरा मिनिटांत मान धरते. तारे आडवं पडूनच बघायचे. उंडे, भज्जी, शेंगाची पोळी वेगळी काढून ठेवा, नाहीतर संध्याकाळी वाटून संपते.

उजेडाबद्दल मी जरा कडक आहे. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की ती सगळी मिनिटं वाया जातात. बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबराने बांधा. लाल उजेडानं ही नजर फारशी बिघडत नाही. मोबाइल एकाच माणसाकडं ठेवा, बाकीचे पिशवीत. हेंडगा फिरवून झाला की तो पुरता विझू द्या आणि अर्धा तास नुसतं बोलत बसा. शेकोटी हवीच असेल तर कोपीच्या मागं, कडब्यापासून लांब, आणि शेकायला आळीपाळीनं जायचं. तारा दाखवायला हिरवा लेसर आणू नका, वैमानिकाच्या किंवा पोराच्या डोळ्यात गेला तर इजा होते. ज्वारीचं लांब धाट घ्या. ज्याला दाखवायचं त्याच्या खांद्यामागं बसून धाटाचं टोक ताऱ्याला लावलं की कुणालाही सापडतो.

दुर्बिणीसाठी घाई करू नये. मी सुरुवातीला एका दुकानातून तिपाईवरची दुर्बीण आणली, खोक्यावर पाचशेपट दिसतं असं छापलेलं. तिपाई इतकी लटपटायची की शनी नजरेत येईपर्यंत निसटून जायचा, आणि रांगेत उभी असलेली पोरं कंटाळून झोपायची. त्यापेक्षा दोन डोळ्यांची, १० × ५० लिहिलेली द्विनेत्री चांगली. दहापट जवळ दिसतं आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं असल्यानं उजेड भरपूर येतो. कोपर गुडघ्यावर टेकवून धरायची. मऊ सुती फडकं जवळ ठेवा. भिंगावर दव बसलं तर चोळायचं नाही, अंगाच्या उबेशी धरायचं आणि पाणी उडून जाऊ द्यायचं.

आता अंतराळाचं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं, आणि तेव्हापासून २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिवस झाला. तो दिवस शाळेत जरूर साजरा करा. पण आपल्याकडं तेव्हा श्रावण-भाद्रपदाचे ढग असतात, आभाळ दिसायची खात्री नाही. त्यातला आभाळाचा भाग येळवशीसाठी राखून ठेवावा, असं मला वाटतं. आठवडाभर आधी नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या ॲपवर अंतराळ स्थानक दिसण्याच्या आपल्या गावाच्या वेळा बघून ठेवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी घालतं. येळवशीच्याच संध्याकाळी आपल्यावरून जाईल असं नाही. गेलं तर न लुकलुकणारा, शुक्रासारखा झळझळीत ठिपका चार-पाच मिनिटं सरकत जातो आणि कधी मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला याच ठिपक्यात राहून आले, हे तो डोक्यावर असतानाच सांगा. घरात सांगितलेलं आणि तिथं सांगितलेलं यात फार फरक पडतो. हिंगोलीतल्या लायगोचीही गोष्ट तयार ठेवा. औंढा नागनाथ तालुक्यात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा उभारायला केंद्रानं २०२३ मध्ये मंजुरी दिली. कृष्णविवरांच्या धडकेनं अवकाशात उठलेले तरंग मोजण्याचं ते काम आहे, आणि त्यासाठी जागा मराठवाड्याची निवडली गेली, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

गोष्टी ताऱ्यांच्या क्रमानं लावून घ्या, म्हणजे रात्री अडखळायला होत नाही. साडेसातला उत्तरेकडं शर्मिष्ठा हा तारकासमूह वर आलेला असतो. शर्मिष्ठेपासून डोक्याकडं सरकलं की द्विनेत्रीत देवयानीची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा अफाट समूह, दिसते, धुरकट बोटभर डाग. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका, खाली तांबूस रोहिणी. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर आहे. घरात पासष्टीच्या आसपासचं कुणी असेल तर त्यांना पुढं बसवा आणि सांगा, तुम्ही जन्मलात तेव्हा निघालेला उजेड आत्ता तुमच्या डोळ्यात आलाय. आमच्या आत्याला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनं पदरानं चष्मा पुसून पुन्हा वर बघितलं. रोहिणीच्याच दिशेनं पायोनियर-१० हे यान चाललंय. १९७२ ला निघालं, २००३ च्या जानेवारीत त्याचा शेवटचा क्षीण संदेश आला, आणि रोहिणीइतकं अंतर कापायला त्याला सुमारे वीस लाख वर्षं लागतील.

साडेआठपर्यंत मृग चांगला वर येतो. बाणाचे तीन तारे, त्यांच्या खाली लटकलेला धूसर ठिपका द्विनेत्रीनं बघा, तिथं नवे तारे जन्म घेतायत. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध हा ठळक तारा. मग दक्षिणेला क्षितिजालगत अगस्त्य ताऱ्याची वाट बघायची. मध्यरात्रीच्या आसपास तो सगळ्यात उंच असतो, म्हणजे किती, तर हात लांब करून धरलेल्या दोन मुठींना जरा कमी. आता पाठमोरं वळून उत्तरेला ध्रुव मोजा. तोही तेवढाच, दोन मुठींना जरा कमी. लातूरच्या अक्षांशावर हे दोघं समोरासमोर जवळजवळ सारख्या उंचीवर येतात. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याला हे मी मुद्दाम मोजायला लावते. अगस्त्याचा उपयोग यानांनाही झालाय. १९६४ साली मंगळाकडं निघालेलं मरिनर-४ सूर्य आणि अगस्त्य या दोघांवर नजर ठेवून आपला रोख सांभाळत गेलं आणि पुढच्या वर्षी मंगळाचे जवळून घेतलेले पहिले फोटो त्यानं पाठवले.

चंद्र या रात्री नसतो, त्यावरून पोरं रुसतात. त्यांना पौष शुद्ध सप्तमी-अष्टमी सांगून ठेवा. त्या संध्याकाळी अर्ध्या चंद्राच्या दक्षिण टोकाकडं द्विनेत्री लावायची. विक्रम दिसणार नाही, तेवढं लहान काही इथून दिसतच नाही, पण तो त्या बाजूला उभा आहे हे बोटानं दाखवता येतं.

बारानंतर झोपा. गजर पहाटे साडेतीनचा, आणि तो लावल्याची दोघांनी खात्री करा. स्टोव्ह, चहा-साखरेचा डबा आणि दूध कोपीत झाकून ठेवा, चहाशिवाय त्या थंडीत कुणी वाकळेबाहेर येत नाही. उठल्यावर वही काढायची. चारच्या सुमाराला रोहिणी पश्चिमेला उतरलेली असते. तिच्यामागं मृग, मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा म्हणजे आर्द्रा, मग पुनर्वसूची जोडी. पुष्य आणि आश्लेषा मंद आहेत, तिथं द्विनेत्री घ्या. मघा डोक्याजवळ, पुढं पूर्वा, उत्तरा, आग्नेयेला हस्ताचे पंजासारखे पाच तारे, त्याच्या पलीकडं शुभ्र चित्रा आणि पूर्वेला केशरी स्वाती. रोहिणीपासून स्वातीपर्यंत अख्खा पावसाळा पश्चिमेकडून पूर्वेकडं आभाळात एका वेळी मांडलेला असतो, वर्षाच्या अशा दिवसांत जेव्हा थेंबभर पाऊस नसतो. नावं म्हाताऱ्या माणसानं म्हणायची आणि धाट पोरांनी धरायचं. म्हातारं माणूस गावातच थांबलं असेल तर आदल्या दिवशी त्यांना विचारून ठेवा, पहाटे चारला फोन केला तर चालेल का. आमच्याकडं आजी फोनवरून एकेक नाव घेते आणि भाचा शेतातून ओरडतो, "दिसलं!"