संचलन पथक बोलावताय? आयोजकांनो, या चुका टाळा

सातारा जिल्ह्याला गणवेशातल्या तुकड्यांची वानवा नाही. १९६१ साली सुरू झालेली सैनिक स्कूल शहरातच आहे, महाविद्यालयांत एनसीसी आहे, पोलिसांचं बँडपथक आहे, गावोगावी माजी सैनिक आहेत आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. त्यामुळे पत्र दिलं, पथक आलं, संचलन झालं, इतकं हे सोपं वाटतं. पथक आपला सराव करून येतं आणि मैदानावर जेमतेम आठ-दहा मिनिटं दिसतं. त्या आठ मिनिटांचा विचका होतो तो बहुतेक वेळा मैदान, आवाज आणि वेळ यांमुळे, आणि या तिन्ही गोष्टी यजमानाच्या हातात असतात.

पत्रात मागणीच स्पष्ट नसते

'आपले पथक पाठवून सहकार्य करावे' एवढंच लिहिलेलं पत्र निरुपयोगी असतं. प्रमुख पाहुण्यांना मानवंदना, सलामी मंचासमोरून संचलन, हुकुमाविना होणारी सायलेंट ड्रिल आणि स्मारकावर पुष्पचक्र वाहताना उभी राहणारी तुकडी ही चार वेगळी कामं आहेत. प्रत्येकाला माणसं, शस्त्रं आणि जागा वेगळी लागते. यातलं नेमकं काय हवं, किती मिनिटांचं, कुठे, पाहुणे कोण आणि बँड कोणाचा, हे पत्रात हवं. सैन्यदलाचं पथक हवं असेल तर दोन महिने आधी हालचाल सुरू करा. पत्र कोणामार्फत जावं याची विचारणा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते. एनसीसीच्या कॅडेट्ससाठी बटालियनची परवानगी लागते. नुसत्या प्राचार्यांशी बोलून भागत नाही, शिवाय परीक्षांच्या तारखा आधी पाहाव्या लागतात. होकार लेखी येईपर्यंत निमंत्रणपत्रिका छापू नका.

पत्रिकेत 'गार्ड ऑफ ऑनर' हे शब्द सर्रास छापले जातात. तो मान कोणाला द्यायचा हे राजशिष्टाचाराने ठरतं, मंडळाच्या बैठकीत नाही. गणवेशातली तुकडी राजकीय पक्षाच्या व्यासपीठासमोर उभी राहत नाही. मंडपात पक्षाचे झेंडे किंवा इच्छुक उमेदवारांचे फ्लेक्स दिसले तर पथकप्रमुख तुकडी उतरवायला नकार देईल, आणि तो नकार योग्यच असेल. पथक मिळालं नाही म्हणून मंडळातल्या मुलांना सैन्याचा हुबेहूब गणवेश घालून उभं करणं हा त्याहून वाईट पर्याय. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने तसा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शाळेच्या गणवेशातली कवायतही देखणी होते, ती करा.

मैदान: सगळ्यात जास्त चुका इथे

सायलेंट ड्रिलमध्ये रायफल फिरवतात, झेलतात. रायफल एक ते सव्वा मीटर लांब असते. हाताची लांबी धरली तर प्रत्येकाला आजूबाजूला दोन मीटर मोकळे हवेत. चोवीस जणांची तुकडी आठ-आठच्या तीन रांगांत उभी राहिली की नुसता दर्शनी भागच सोळा मीटर होतो, आणि रचना बदलताना तो आणखी पसरतो. म्हणून ३० बाय २० मीटरची जागा पूर्ण रिकामी द्या आणि तिच्या भोवती पाच मीटरचा पट्टा सोडून मगच प्रेक्षकांचा दोर बांधा. बांबू आणि सुती दोर वापरा, तार नको. वर सहा मीटरपर्यंत काहीही नसावं. कापडी मंडप, पताकांच्या माळा, फुग्यांची कमान, विजेची वायर यांपैकी एक जरी आडवी असली तरी उडवलेली रायफल तिथे अडकणार. 'मंडपात सावली आहे, तिथेच करू' हा आग्रह धरू नका.

खिळे मारलेले बूट ओल्या फरशीवर, पेव्हर ब्लॉकवर आणि प्लायवूडच्या स्टेजवर घसरतात. स्टेज तर पाय आपटताना थरथरतं, आणि मग माइकचे स्टँड पडतात. चांगलं दाबलेलं मुरमाचं मैदान सगळ्यांत उत्तम. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारून रोलर फिरवा, वर आलेली खडी वेचून काढा. १५ ऑगस्टला आपल्याकडे पाऊस गृहीत धरायलाच हवा. काळ्या मातीवर चिखल झाला तर वाळू टाकू नका, तीत बूट रुततो. बारीक कच पसरून दाबा. संचलनाच्या मार्गावर हिरवं मॅटिंग, रांगोळी आणि फुलांच्या पाकळ्या नकोत. मॅटिंगच्या सांध्यात टाच अडकते, पाकळ्यांवरून बूट घसरतो. पाकळ्या उधळायच्याच असतील तर पथक बाहेर गेल्यावर उधळा.

आखणी फक्कीने करा. कळीचा चुना चालत नाही, तो ओलाव्यात तापतो आणि डोळ्यांत गेला तर इजा करतो. मधली मार्गरेषा आखून घ्या, आणि 'दाहिने देख' व 'सामने देख' हे हुकूम जिथे द्यायचे त्या दोन्ही जागी लाल निशाणं लावा. मंचाच्या दहा-दहा पावलं अलीकडे-पलीकडे लावली की पुरे होतात. नेमकी जागा पथकप्रमुखाला विचारूनच रोवा.

मंच कुठे बांधायचा हे मंडपवाल्याच्या सोयीवर सोडणं ही महागात पडणारी चूक. 'दाहिने देख' म्हणजे मंच तुकडीच्या उजव्या हाताला हवा. मंचावरून पाहणाऱ्याच्या डावीकडून तुकडी आत आली आणि उजवीकडून बाहेर गेली तरच ते जमतं. आत येण्याचं फाटक उलट बाजूला असेल तर तुकडीला मंचामागून वळसा घालून आणावं लागतं. तो रस्ता गाड्यांच्या पार्किंगने अडवलेला नसावा. उन्हाचाही विचार करा. सकाळचा कार्यक्रम असेल तर मंच मैदानाच्या उत्तर कडेला, दक्षिणेकडे तोंड करून बांधा. तुकडी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते, ऊन तिच्या पाठीवर राहतं आणि झेललेली रायफल डोळ्यांना नीट दिसते. संध्याकाळी नेमकं उलट करा, मंच दक्षिण कडेला.

वेळेचा हिशेब सोपा आहे. तेज चाल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, एक पाऊल ३० इंच, म्हणजे पाऊण मीटर. मिनिटाला ९० मीटर अंतर कापलं जातं. तीन-तीनच्या रांगेतली तीस जणांची तुकडी सुमारे अकरा मीटर लांब होते. मागच्या तुकडीपर्यंत वीस पावलांचं, म्हणजे पंधरा मीटरचं अंतर धरा. अशा दहा तुकड्या मंचासमोरून जायला तीन मिनिटं लागतात, पण त्यांना रांगेत उभं करायला मैदानाबाहेर सुमारे अडीचशे मीटर रस्ता मोकळा हवा. गांधी मैदानासारख्या गावाच्या मध्यातल्या जागेवर नेमका तोच रस्ता मिळत नाही. मग तुकड्या कमी करा, अंतर कमी करू नका. अंतर आवळलं की मागची तुकडी पुढच्या तुकडीच्या टाचांवर येते आणि चालता चालता थबकते.

पाय का चुकतात?

सरावात बिनचूक असलेली तुकडी कार्यक्रमात पायाला चुकली की दोष मुलांना दिला जातो. खरं कारण बहुतेकदा ध्वनिक्षेपकात असतं. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन पावलांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. म्हणजे ढोल १७० मीटरवर वाजत असेल तर त्याचा ठोका एक पूर्ण पाऊल उशिरा पोचतो, आणि डाव्या पायाचा ठोका उजव्यावर पडतो. ८५ मीटरवर तो दोन पावलांच्या अगदी मधोमध येतो, ते आणखी वाईट. त्यात वायरीतून आवाज क्षणात जातो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या बॉक्समधून ठोका वेळेवर ऐकू येतो आणि बँडचा खरा ढोल मागाहून. तुकडीच्या पुढच्या रांगा एक ऐकतात, मागच्या दुसरं.

म्हणून संचलनाच्या वेळी दूरचे बॉक्स बंद ठेवा. बँड मंचासमोर, मार्गाच्या मध्यावर उभा करा आणि जेवढे बॉक्स चालू ठेवाल तेवढे त्याच्या शेजारी ठेवा. ध्वनिमुद्रित संगीत लावणार असाल तर घड्याळ लावून मोजा: पंधरा सेकंदांत तीस ठोके पडले पाहिजेत. बहुतेक देशभक्तिपर गाणी या मापात बसत नाहीत. ब्लूटूथने जोडलेला स्पीकर नको, त्यात आवाज आणखी मागे पडतो. फोनवरून लावणार असाल तर तो विमान मोडवर टाका.

पथकप्रमुखाला माइक देऊ नका. त्याचा आवाज मैदानभर जाण्यासाठीच घडवलेला असतो. द्यावाच लागला तर मिक्सरवरचा इको पूर्ण बंद करायला लावा. इकोमुळे हुकुमाचा शेवटचा, पाय हलवायचा भाग दोनदा ऐकू येतो आणि अर्धी रांग दुसऱ्या वेळी हलते. निवेदकानेही हुकूम सुरू झाल्यापासून मौन पाळायचं. सायलेंट ड्रिलमध्ये जवान मनातल्या मनात आकडे मोजत असतात. प्रेक्षकांनी ठेक्यात टाळ्या धरल्या की मोजणी चुकते. 'टाळ्या शेवटी वाजवा' ही विनंती निवेदकाने पथक आत येण्याआधीच करावी. शेजारच्या चौकातलं ढोल-ताशा पथक आणि हलगी तेवढ्या वेळासाठी थांबवायला एक माणूस नेमून ठेवा.

'साहेब पोवई नाक्यावर आलेत'

हा फोन आला की आयोजक तुकडीला उभी करतात, आणि पाहुणे पाऊण तासाने येतात. तोवर उन्हात ताठ उभी असलेली मुलं कोसळू लागतात. गुडघे ताणून निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं. पाहुण्यांची गाडी मैदानाच्या फाटकातून आत आल्याशिवाय तुकडी लावायची नाही, हे आधीच ठरवून घ्या. तोवर मुलं सावलीत, शस्त्रं सांभाळून. उभं राहण्याचा एकूण वेळ वीस मिनिटांवर जाऊ नये. भाषणं संचलनानंतर ठेवा. नाश्ता दीड-दोन तास आधी द्या, पोहे, केळी, असा हलका. रिकाम्या पोटी उभं करू नका आणि मिसळही देऊ नका. मैदानावर येण्याआधी प्रत्येकाने दोन पेले पाणी प्यायलेलं असावं.

कोणी पडलंच तर त्याला धरून उभं ठेवायचा प्रयत्न करू नका. मागून दोघांनी उचलून सावलीत आडवं करा, पाय वर घ्या, पट्टा आणि गळ्याची गुंडी सैल करा. शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही. रायफल ताब्यात घेण्याचं काम पथकातल्याच माणसाचं. स्ट्रेचर आणि रुग्णवाहिका रांगेच्या मागे असू द्या, मंचाशेजारी नको.

पाहणीच्या वेळी तुकडीच्या पुढून जायचं ते पाहुण्यांनी आणि परेड कमांडरने, फार तर आणखी एकाने. मागून दहा कार्यकर्ते आणि तीन मोबाइल गेले की पाहणी संपत नाही. पाहुण्यांना आधी एवढंच सांगा: सलामी होत असताना सरळ उभं राहावं, रांगेतल्या कोणाशी हस्तांदोलन करू नये.

ध्वज आणि राष्ट्रगीत

पावसाळ्यात सुती दोरी फुगते आणि ध्वजाची गाठ सुटत नाही. नायलॉनची दोरी घ्या, सरकगाठ मारा, ती पाणी मारून आदल्या दिवशी तीन-चार वेळा सोडून पाहा. आत पाकळ्या भरायच्याच तर मूठभर कोरड्या. केशरी पट्टा वर आहे ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासावं. गाठ अडकली तर हिसके मारू नका, ध्वज शांतपणे खाली घेऊन पुन्हा चढवा. बँडप्रमुखाने निवेदकाकडे न पाहता ध्वजाकडे पाहावं, म्हणजे ध्वज उलगडण्याआधी राष्ट्रगीत सुरू होत नाही. बँडवर राष्ट्रगीत वाजवण्याआधी धीम्या चालीच्या सात पावलांइतका ढोलाचा घुमारा असतो, त्यानंतर एक ठोका शांतता. लोकांना उभं राहण्याची ती खूण आहे, ती गाळू नका. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांत पूर्ण होतं. २०२३ पासून राज्यगीतही आहे. ते केव्हा घ्यायचं आणि तेव्हा तुकडी कोणत्या स्थितीत राहील, हे पथकप्रमुखाशी आधी बोलून ठेवा.

संचलनात राष्ट्रध्वज इतर झेंड्यांसोबत असेल तर तो संचलनाच्या उजव्या बाजूला, किंवा इतर झेंड्यांच्या रांगेपुढे मध्यभागी. तो कोणालाही सलामी म्हणून झुकवत नाहीत.

स्मारकावरचा कार्यक्रम

अपशिंगे मिलिटरीसारख्या, सैनिकांची परंपरा असलेल्या गावात स्मारक हे गावाचं काळीज असतं. तिथली चूक लोक विसरत नाहीत. क्रम लिहून काढा: पुष्पचक्र, सलामी शस्त्र, शोक शस्त्र (रायफल उलटी धरून मान खाली), बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून, दोन मिनिटं स्तब्धता, मग राऊज ही जागवण्याची धून. स्तब्धतेत निवेदकाने एक शब्दही उच्चारायचा नाही, आणि राऊज संपल्यावर टाळ्या नाहीत. बिगुलवादक मिळाला नाही तर ध्वनिमुद्रण चालेल, पण दोन्ही धून वेगळ्या फायलींत ठेवा. एकाच फायलीत असल्या तर स्तब्धता फाइलवाल्याच्या मर्जीने संपते.

चबुतऱ्यावर पायताण घालून चढत नाहीत, आणि जवान बूट काढू शकत नाहीत. हा पेच ऐनवेळी सोडवू नका. तुकडी आणि पुष्पचक्र वाहून आणणारे खाली थांबतील, पुष्पचक्र पायरीशी पाहुण्यांच्या हाती देतील, असं ठरवलं की दोन्ही मान राखले जातात. वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत, सावलीत, नावासह राखून ठेवा. त्यांना घरून आणण्याची आणि परत पोचवण्याची गाडी पाहुण्यांच्या गाडीइतकीच महत्त्वाची आहे.

शस्त्रं आणि निरोप

सरावाच्या डीपी (ड्रिल पर्पज) रायफली झाडता येत नाहीत, तरी त्या खेळणं नाहीत. एकच दार असलेली, कुलूप लागणारी खोली द्या आणि दारात पथकाचाच पहारा राहू द्या. मंडपात, बसच्या टपावर, शाळेच्या व्हरांड्यात त्या ठेवायच्या नाहीत. प्रेक्षकांना रायफल हातात घेऊन फोटो काढू देऊ नका. शस्त्रांसह पथक येतंय हे स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा. हवेत फैरी झाडण्याची मागणी आयोजकाने करायची नसते.

सत्कार करताना गणवेशातल्या जवानाला शाल पांघरवू नका, टोपीवर फेटा बांधू नका. शस्त्र हातात असताना तर हारही घालू नये. शस्त्रं जमा झाल्यावर, पथकप्रमुखाच्या हाती स्मृतिचिन्ह द्यावं. जेवण पाहुण्यांच्या पंगतीनंतर नाही, बरोबरच द्या. मुलं पहाटेपासून पायावर असतात. गाडी निघण्याआधी पथक रायफली मोजतं, ती मोजणी संपेपर्यंत खोलीचं दार आणि समोरचा रस्ता मोकळा ठेवा.