पद्मिनीचं इंजिन बदललं नाही, हेड उघडलं

बाबांची 1981ची प्रीमियर पद्मिनी ठाण्याजवळच्या गायमुखच्या चढाला दम टाकायची, तापमानाचा काटा लाल रेघेला भिडायचा. वागळे इस्टेटमधले मिस्त्री म्हणाले, "साहेब, मारुतीचं 1300 सीसी बसवू, पळेल." मोह झाला. पण या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ताकद वाढली की ब्रेक, गिअरबॉक्स, माउंटिंग सगळंच बदलत जायचं. शिवाय इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी.

म्हणून आधी मूळ 1089 सीसी इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. तिसऱ्या सिलिंडरचं बरंच कमी. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. ऑइलने पिस्टनच्या रिंगांची फट भरते; आकडा हलला असता तर रिंगा झिजल्या असं मानलं असतं आणि बोअरिंगचा, म्हणजे सिलिंडर आतून कापून घेण्याचा, खर्च आला असता. दोष व्हॉल्व्हचा निघाला. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची) कड जळली होती. नवा व्हॉल्व्ह टाकला, तो जिथे टेकतो ती सीट घासून घेतली, हेड फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट करून, नवं गॅस्केट बसवलं. रेडिएटर उघडला तर अर्ध्या नळ्या गाळाने बंद. तो साफ करून घेतला.

परवा आईला मागे बसवून घोडबंदर रोडने फाउंटन हॉटेलपर्यंत गेलो. काटा मधोमध. आणि आवाज तोच, बाबांच्या वेळचा.