शाळेतला मित्र गेला, आता बॅचने काय करायचं

बातमी बहुतेक वेळा दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच येते. मग दोन तास नुसतं भावपूर्ण श्रद्धांजली, ॐ शांती, हात जोडलेले इमोजी, मध्येच ज्याने वरचं काही वाचलेलं नाही असा एक जण गुड मॉर्निंगचा गुलाब टाकतो, कोणीतरी त्याला झापतो, संध्याकाळी मेणबत्ती लावून एडिट केलेला फोटो येतो आणि तिसऱ्या दिवशी ग्रुप परत क्रिकेटवर. यात कोणी वाईट नसतं हो, काय करायचं तेच सुचत नाही. म्हणून हे लिहितोय. माझं मत एवढंच की चौकात फ्लेक्स लावण्यापेक्षा किस्से गोळा करा, आणि पहिल्या तेरा दिवसांपेक्षा त्याच्या नंतरचे महिने सांभाळा, कारण तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, नंतर कोणी फिरकत नाही.

सगळ्यात आधी एकाने किंवा दोघांनीच घरी फोन करायचा. पंचवीस जणांनी पंचवीस फोन केले की वहिनींना तेच पंचवीस वेळा सांगावं लागतं. भेटायला गेलात तर "कसं झालं हो नेमकं?" हे विचारू नका, ते बाहेर चुलतभावाकडून कळतं. आत आईजवळ बसायचं आणि आपण कोण ते सांगायचं, "काकू, मी शाळेतला, आपल्या घरी अभ्यासाला यायचो तो", बास. काकूंना चेहरा ओळखू येत नाही, केस गेलेत, पोट आलंय, पण कुठल्या गल्लीतला, कोणाचा मुलगा म्हटलं की लगेच ओळखतात. कधी जायचं तेही विचारून घ्या, काही गावांत वार बघून भेटायला जातात. आणि प्रत्येक घरात दहावा-तेरावाच असतो असं धरून चालू नका. बौद्ध मित्राकडे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं, मुस्लिम मित्राकडे चाळिसावा, ख्रिश्चन मित्राकडे मिस्सा. ज्याच्या घरी जे चालतं त्याला जायचं, गप मागे बसायचं.

आता घाई करायची ती एकाच गोष्टीची, आवाजाची. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही की बंद होतं, आणि सिम ९० दिवस पडून राहिलं की कंपनी तो नंबर काढून पुढे दुसऱ्याला देऊ शकते. तुमच्या फोनमधले त्याचे व्हॉइस मेसेज तुमच्याकडेच असतात म्हणा, पण फोन बदलला, मेमरी फुल्ल झाली म्हणून एकदम डिलीट मारलं की गेले. त्यामुळे आजच चॅट उघडा, मीडियासकट एक्सपोर्ट करा आणि ड्राइव्हवर टाका. "अरे ये ना लवकर, किती वेळ उभं करतोस" एवढंच असलं तरी ठेवा. घरच्यांनाही सांगा की त्याचा नंबर लगेच बंद करू नका, छोटा रिचार्ज मारत राहा, कुठल्या बँकेत खातं होतं, कुठला हप्ता चालू होता ते येणाऱ्या मेसेजवरूनच कळतं. फेसबुकचं खातं काय करायचं हे घरच्यांनी ठरवायचं, आपण नाही. मृत्यूचा दाखला वगैरे पुरावा दिला की फेसबुक ते स्मृतिखातं करून देतं, मग "याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या" असलं नोटिफिकेशन येत नाही.

वाढदिवसावरून आठवलं, शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरू नका. आपल्या वेळच्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून आहे, गुरुजींनी टाकलेला. खरा दिवस काकूंना विचारा, त्या तारीख नाही सांगणार, "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी" असं काहीतरी सांगतील, ते लिहून ठेवा. वर्षश्राद्धाचंही तसंच, घरचे तिथीने करतात आणि आपण इंग्रजी तारखेला मेसेज टाकतो, दोन्हीत कधी आठवड्या-दीड आठवड्याचा फरक पडतो.

किस्से गोळा करायचे तर "त्याच्याबद्दल दोन शब्द लिहा" असं म्हणू नका, सगळे "खूप दिलदार माणूस होता" एवढंच लिहून मोकळे होतात. बारीक विचारायचं. डब्यात काय आणायचा, सायकल कुठली होती, टोपणनाव कसं पडलं, कुठल्या सरांचा मार जास्त खाल्ला. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा म्हणावं. आमच्या एका मित्राला कोणाच्याही वडिलांची सही हुबेहूब जमायची, प्रगतिपुस्तकं मिळाली की निम्मा वर्ग त्याच्या बाकाभोवती, एका सहीला बोरकुटाची एक पुडी असा रेट होता. हे त्याच्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि माझ्या प्रगतिपुस्तकावरची सही मात्र शाळेत जाऊन मॅडमना दाखवून तपासायचे!" मग तिनेच पुढे अर्धा तास बाबांचे किस्से सांगितले, जे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. पण सगळेच किस्से घरी न्यायचे नसतात, दारूचे आणि पोरींचे ग्रुपमध्येच राहू देत. आणि जाणं जर आत्महत्येमुळे झालं असेल तर कारणांचा कीस ग्रुपवर अजिबात पाडू नका. कोणीतरी एक जण "शेवटचा फोन मी उचलला नाही" हे मनात धरून बसलेला असतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा, गरज वाटली तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधारासाठीचा फ्री नंबर आहे, मराठीतही बोलतात.

जुने फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, क्वालिटी जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वर्गाच्या ग्रुप फोटोत रांगेने नावं लिहून घ्या, अजून दहा वर्षांनी कोणालाच आठवणार नाहीत.

कागदपत्रांची मदत हीसुद्धा आठवणच आहे असं मी मानतो. बॅचमध्ये कोणी बँकेत, कोणी एलआयसीत असतोच, त्याला पुढे घाला. पासबुकात मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना आहे, नॉमिनीला २ लाख मिळतात, आणि कित्येक घरांत हे माहीतच नसतं. पीएफ असेल तर त्याच्यासोबतच विमाही असतो, ईडीएलआय, जास्तीत जास्त ७ लाख, त्यासाठी दावा करावा लागतो, आपोआप येत नाही.

शेवटी बक्षीस. बहुतेक बॅचना शाळेत त्याच्या नावाने काहीतरी सुरू करायचं असतं आणि लगेच "दहावीत पहिल्या येणाऱ्याला" असं ठरतं. पहिल्याला आधीच चार बक्षिसं मिळतात हो. आपला गणितात ३५ वर सुटलेला, तर त्याचं बक्षीस कबड्डीतल्या पोराला द्या, नाहीतर लांबच्या वाडीवरून चालत येऊनही खाडा न करणाऱ्या पोरीला. ५० हजारांची एफडी केली तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला सव्वातीन हजार येतात, तेवढ्यात बक्षीस आणि वर थोडी पुस्तकं होतात. मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर जाऊ नका, ते रिटायर होतात, संस्थेचा लेखी ठराव घ्या, पावती घ्या. आणि वर्गणीची यादी ग्रुपवर टाकायची नाही. एक जण दुबईत असतो, एक रिक्षा चालवतो, ५०० देणाऱ्याचं नाव ५० हजारांच्या खाली दिसलं की तो पुढच्या गेट-टुगेदरला येत नाही. एकाकडे पैसे जमा करा आणि एकूण आकडा तेवढा सांगा.