घडवलेल्या खलनायकांची टोळी कशी बांधायची

गेल्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी, कापूस विकून रिकाम्या झालेल्या खोलीत, मी पहिल्यांदा विज्ञानकथेचा रोलप्लेइंग खेळ मांडला. खोलीच्या कोपऱ्यात बसलं की अजून अंगाला खाज सुटत होती. मी सूत्रधार, समोर चार खेळाडू: दोन कॉलेजातले, एक कृषी केंद्रात कामाला असलेला, आणि नववीतली माझी पुतणी. प्रयोगशाळेत तयार झालेले सहा खलनायक मी आठवडाभर खपून लिहून आणले होते. एकाच्या डोळ्यांतून किरण निघत, एकाची कातडी लोखंडाची, असं सगळं. कृषी केंद्रवाल्यानं कागद पाहिला आणि विचारलं, "भाऊ, हे बनवले कोनं? अन् कायले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासाभरात खेळ आटोपला आणि मंडळी आलूबोंडे खायला निघून गेली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सूत्रधार प्रसंग सांगतो, प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन "मी असं करतो" म्हणतो, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. झाडीपट्टीच्या नाटकासारखंच, फक्त संहिता नाही आणि प्रेक्षकच नट. सामान म्हणून लुडोचे दोन फासे, वही आणि पेन्सिल पुरते. विज्ञानकथेतला 'ट्रॅव्हलर' हा १९७७ सालचा जुना खेळही साध्या सहा बाजूंच्या फाशांवरच चालतो, तेव्हा वीस बाजूंचे महागडे फासे मागवायच्या भानगडीत पडू नका.

पहिली पायरी : आधी "कायले?" लिहा

शक्ती, हत्यारं, नावं सगळं बाजूला ठेवा. कोऱ्या पानावर एकच गोष्ट लिहा: यांना कोणी, कोणत्या कामासाठी घडवलं? माणूस जन्माला येतो, घडवलेला प्राणी मात्र ऑर्डर देऊन येतो. ती ऑर्डर सापडली की पुढचं निम्मं काम आपोआप होतं.

मी दुसऱ्यांदा बसलो तेव्हा ती मला जागलीत सापडली. आपल्याकडे तूर-हरभरा भरला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, वावरात शिरतात आणि माणसं रात्र रात्र माळ्यावर बसून राखण करतात. मग मी मंगळावरची एक वसाहत घेतली. विवरात घुमट, घुमटाखाली शेती. विवराला वसाहतकऱ्यांनी नाव दिलं 'नवं लोणार'. नाव उगाच नाही दिलं. आपलं लोणारचं विवर बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, उल्का आदळून झालेलं आहे. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचाच, म्हणून मंगळाच्या अभ्यासकांना लोणारमध्ये रस असतो. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं ते विवर माझ्या चारही खेळाडूंनी सहलीत पाहिलेलं, त्यामुळे जागेचं वर्णन करायला मला दोन वाक्यं पुरली.

या घुमटातल्या पिकाची चोरी होऊ नये म्हणून वसाहतीनं पाच राखणदार घडवून घेतले. त्यांचं नाव 'जागले'. पुढे वसाहत उठली, मालक निघून गेले, पण राखण थांबवा असं कोणी सांगितलंच नाही. जागले अजून राखतात. घुमटात शिरणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी रानडुक्कर.

ही टोळी दुष्ट आहे का? नाही. तरी तिच्यापासून जीव वाचवणं भाग आहे.

दुसरी पायरी : दुष्टपणा रक्तात घालू नका

जनुकं बदललेली पात्रं लिहिताना "यांच्या रक्तातच गुन्हा आहे" असं लिहायचा मोह फार होतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये नेमका असा कायदा केला आणि अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये त्या जमाती विमुक्त झाल्या, पण आपल्या भागातल्या पारध्यांच्या तांड्यावर आजही पोलीस आधी कोणत्या नजरेनं येतात ते आपण पाहतो. तुमच्या टेबलाभोवती त्यांच्यातलाच एखादा मुलगा बसलेला असेल. दोष ऑर्डरमध्ये ठेवा, रक्तात नको. गोष्टही त्यानंच बरी होते, कारण ऑर्डर बदलता येते आणि खेळाडूंना करण्यासारखं काहीतरी उरतं.

तिसरी पायरी : प्रत्येक गुणाची किंमत वसूल करा

इथे मात्र सावकाश चला. हे विदर्भातल्या माणसाला समजवावं लागत नाही, बीटी कपाशीनं ते शिकवलेलं आहे.

२००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार करू लागलं. पण ते प्रथिन अळीसाठी होतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना त्यानं काही होत नाही, फवारणी काही सुटली नाही. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. गुलाबी बोंडअळी हळूहळू त्यालाही सरावली आणि २०१७ च्या हंगामात तिनं आपल्याकडची बोंडं पोखरून काढली. एक दार बंद केलं की दुसरं उघडं राहतं, आणि बंद केलेल्या दारालाही कोणीतरी टकटक करत बसलेलं असतं.

तुमच्या खलनायकालाही हाच न्याय लावा. शक्ती लिहिली की तिच्याशेजारी लगेच लिहा: याला काय चालत नाही?

जागल्यांना झोप नको, ही ऑर्डर. मग झोपेशिवाय जगणारा मेंदू आणायचा कुठून? डॉल्फिनकडून. डॉल्फिनचा अर्धा मेंदू झोपतो तेव्हा अर्धा जागा असतो, आणि साधारणपणे झोपलेल्या अर्ध्याच्या विरुद्ध बाजूचा डोळा मिटलेला असतो. झालं! माझे जागले कायम जागे, पण दर क्षणी त्यांचा एक डोळा बंद. ज्या बाजूचा डोळा बंद, त्या बाजूनं गेलात तर फाशांच्या बेरजेत दोनची भर. हे मी खेळाडूंना सांगितलं नाही. तिसऱ्या बैठकीत पुतणीनं विचारलं, "काका, कोनता डोळा मिटला हाये त्याचा?" आणि मला जाग्यावर कुल्फी खाऊ घालावीशी वाटली.

दुसरा गुण लोणारकडूनच घेतला. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ते आठवत असेल. पाणी कमी होऊन क्षार वाढले, आणि क्षारातच फोफावणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यानं तळं रंगलं. जागल्यांच्या कातडीत मी तेच रंगद्रव्य घातलं. मंगळावर पाणी कमी, म्हणून त्यांना खारट अंगानंही तगता येतं. पण जागल्या तहानला की गुलाबी पडतो. पाण्याची टाकी कुठल्या बाजूला आहे, कोण तिच्यापासून किती दिवस लांब आहे, हे नुसत्या रंगावरून कळतं.

बाकी शक्ती घालूच नका. दोन पुरे. किरण-बिरण तर मुळीच नको.

चौथी पायरी : साचा एक, माणसं पाच

एकाच लॉटमधलं बियाणं पेरलं तरी धुऱ्याजवळचं, म्हणजे बांधाजवळचं, झाड वेगळं वाढतं. टोळीतही सगळे सारखे ठेवलेत तर खेळाडूंना ते पाच आकडे वाटतील. मी त्यांना राखणीच्या सामानाची नावं दिली: धुरा, गोफण, टेंभा, डफडं आणि बुजगावणं. टेंभा उजेड करतो आणि आग लावतो, डफडं आवाजानं कान बधिर करतं. त्यांच्यावर मी फार डोकं लावलं नाही आणि तुम्हीही लावू नका. पाचातले दोन साधे असलेलेच बरे.

खरी गंमत उरलेल्या तिघांत. धुरा म्होरक्या. हद्दीच्या आत आलेल्याला सोडत नाही, पण हद्दीबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणजे त्याच्यापासून पळता येतं. गोफणीचं म्हणणं, हद्द वाढवली तरच राखण पक्की होते. ती दर रात्री दगडांची रांग चार हात पुढे सरकवते आणि धुरा सकाळी ती मागे आणतो. धुऱ्यावरून भांडणं म्हणजे काय ते आपल्या गावांना नव्यानं सांगायला नको. आणि बुजगावणं. ते महिनोन्महिने न हलता उभं राहू शकतं, म्हणून सगळ्यात जास्त विचार करतं. आपण कोणासाठी राखतोय हा प्रश्न पडलेलं ते एकटंच.

टोळीसाठी एवढं लिहा: हुकूम कोणाचा, तो कोणाला पटत नाही, आणि कोण कोणासाठी जीव देईल.

एक सहावी चिठ्ठीही लपवून ठेवा. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, कडेनं लावायला. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात आणि पुढे त्यांच्या पतंगांचं प्रतिकारक पतंगांशी मिलन होऊन प्रतिकार पातळ व्हावा, हा हेतू. कित्येकांनी ते पाकीट लावलंच नाही, आमच्या घरीही ते माळ्यावर पडून असायचं. माझ्या गोष्टीत जागल्यांसोबत एक न बदललेलं, साधं भावंड घडवलं होतं. ते कधी जागं केलंच गेलं नाही. ते कुठे आहे हे फक्त बुजगावण्याला माहीत.

पाचवी पायरी : आकड्यांचा हिशोब

दोन फासे टाका, बेरीज आठ किंवा जास्त आली तर जमलं. छत्तीसपैकी पंधरा वेळा असं होतं, म्हणजे साधारण ४२ टक्के. एकची भर दिली तर ५८, दोनची दिली तर ७२, तीनची दिली तर ८३ टक्के. खलनायकाला तीनची भर देऊ नका, खेळाडूंचा हिरमोड होतो.

जीव, म्हणजे किती इजा झाली की पात्र पडतं तो आकडा, किती ठेवायचा? चार खेळाडू, प्रत्येकाला एकची भर, लागला तर एका फाशाइतकी इजा. एका फेरीत सरासरी आठ गुणांची इजा होते. म्हणून एका जागल्याला २४ जीव ठेवा, तीन फेऱ्या टिकतो. पाचही एकदम उतरवलेत तर पंधरा फेऱ्या चालतील आणि तोवर लोकं जांभया देतील. एका वेळी एक, फार तर दोन.

सहावी पायरी : आधी माग, मग जनावर

ताडोब्याच्या बाजूच्या गावात वाघ आधी दिसत नाही. आधी वानर खाकरतं, चितळ ओरडतं, पांदणीत पंजा उमटलेला दिसतो, गायी पुढे जात नाहीत. वाघ दिसेपर्यंत अंगावर काटा येऊन गेलेला असतो. पहिल्या बैठकीत जागल्या दाखवूच नका. सरकलेली दगडांची रांग दाखवा. पडलेल्या माणसाच्या खिशातल्या शेंगा कोणीतरी काढून पुन्हा झाडाखाली नीट रचून ठेवल्यात, ते दाखवा.

बोलायला लागले की मात्र त्यांना वऱ्हाडी बोलू द्या. पडद्यावर वऱ्हाडी बोलणारा म्हणजे हसवणारा, हे मला कधीच पटलं नाही. काळोखात शांत आवाजात "कोन हाय रे तिकडं?" असं कोणी विचारलं तर हसू येत नाही, करून पाहा.

शेवटची पायरी : ऑर्डर मोडायची वाट उघडी ठेवा

पाचही जागल्यांना मारल्याशिवाय सुटका नाही, असा खेळ रचू नका. ऑर्डर ज्या शब्दांत दिली त्याच शब्दांत ती संपवता आली पाहिजे. माझ्या वहीत लिहिलेलं होतं: जुन्या मालकाचा आवाज असलेली फीत शोधा, टाकीच्या खोलीत आहे. चार बैठका मी त्यांना त्या खोलीकडे ढकलत होतो.

पाचव्या बैठकीत धुऱ्यानं त्यांना पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, रांगेत कोंडलं. गोळ्या संपलेल्या, कृषी केंद्रवाल्याचं पात्र जखमी. पुतणी उठून उभी राहिली आणि खोलीतच ओरडली, "उलंगवाडी झाली! सगळा कापूस निंगाला. आता ढोरं सोडाले मोकळं हाये वावर!"

हे माझ्या वहीत नव्हतं. मी दहा-बारा क्षण गप्प बसलो. फासे टाकायला सांगायचे का? नाही सांगितले. खेळाडूनं ऑर्डरच्या मुळावर बोट ठेवलं की फासा मध्ये आणायचा नसतो. मी एवढंच सांगितलं की धुऱ्यानं हातातली काठी खाली ठेवली, धुऱ्यावर बसला, आणि त्याचा दुसरा डोळाही मिटला.

गोफणीला मात्र उलंगवाडी मान्य नाही. तिनं त्याच रात्री दगडांची रांग चार हात पुढे सरकवली. पुढची बैठक शनिवारी आहे.