बायकोचा अडकलेला रिफंड असा सुटला

लग्नानंतर हिचं आधार आणि बँक खातं सासरच्या आडनावावर झालं, पॅनवर माहेरचंच. प्राप्तिकराचा रिफंड तिथेच अडला. नाव जुळेना म्हणून प्राप्तिकराच्या पोर्टलवर खातं व्हॅलिडेटच, म्हणजे पडताळून मान्यच, होईना.

नागपुरातल्या बर्डीवरचा एक एजंट म्हणे, नवीन पॅन काढून टाका. अजिबात नको! दोन पॅन ठेवले तर 10,000 रुपये दंड होऊ शकतो. आम्ही महापालिकेचं विवाह प्रमाणपत्र जोडून फक्त नावदुरुस्ती केली. नंबर तोच राहतो. मग पोर्टलवर खातं पुन्हा व्हॅलिडेट करून ‘रिफंड रीइश्यू’ची, म्हणजे रिफंड पुन्हा पाठवण्याची, विनंती टाकली. आले पैसे.

बाकी, नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न आपल्याकडे नसतंच. लग्नातला आहेर करमुक्त, पण मी हिला दिलेल्या पैशांच्या एफडीचं व्याज माझ्याच उत्पन्नात धरतात. सासऱ्यांना हे अजून पटलेलं नाही.