रिअॅलॉकचं उत्तर थेट जुन्या पॉइंटरमध्ये घेऊ नका
सी भाषेत मॅलॉकने मेमरी मागितल्यावर नल (म्हणजे रिकामा पत्ता, मेमरी न मिळाल्याची खूण) तपासायची सवय बहुतेकांना असते; घोळ होतो तो घेतलेल्या ब्लॉकचा आकार बदलणाऱ्या रिअॅलॉकपाशी. मेमरी मिळाली नाही तर रिअॅलॉक नल परत देतं, पण जुना ब्लॉक मोकळा करत नाही. तो आतल्या डेटासकट जागेवरच असतो. अशा वेळी परत आलेली किंमत त्याच पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवणाऱ्या चलात) घेतली, की जुना पत्ता पुसला जातो. मग डेटाही गेला आणि फ्री करायलाही काही हाती उरलं नाही.

म्हणून उत्तर आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या. तो नल नसेल तरच मूळ पॉइंटर आणि क्षमतेचा (ब्लॉकमध्ये किती घटक मावतात तो) आकडा, दोन्ही एकदम बदला. क्षमता आधीच वाढवून ठेवली आणि रिअॅलॉक फसलं, तर पुढचं लिखाण ब्लॉकच्या हद्दीबाहेर जातं. हा बग शोधणं फार जिकिरीचं.

आकाराचा गुणाकारही तपासा. 32 बिटच्या साइझ-टी (आकार मोजायचा पूर्णांक प्रकार) मध्ये 1,07,37,41,824 गुणिले 4 म्हणजे चक्क शून्य, कारण उत्तर त्यात मावत नाही! घटकांची संख्या साइझ-टीचं कमाल मूल्य भागिले घटकाचा आकार याहून मोठी असेल, तर मागणी करूच नका. शून्यांनी भरलेली मेमरी देणारं कॅलॉक ही तपासणी स्वतः करतं, आणि जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीत 2.26 पासून अशीच तपासणी करणारं रिअॅलॉकअॅरेही आहे. आणि रिअॅलॉकला शून्य आकार कधीच देऊ नका, सी23 या भाषेच्या मानकात त्याचं वर्तन अनडिफाइन्ड, म्हणजे काहीही होऊ शकेल असं, ठरवलंय.

चाचणीसाठी लिनक्सवर ज्या शेलमधून प्रोग्राम चालवाल, त्याच शेलमध्ये यूलिमिट या आज्ञेच्या व्ही पर्यायाने मेमरीवर मर्यादा लावा. एरवी ओव्हरकमिटमुळे (लिनक्स हाती असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करतं त्यामुळे) नल क्वचितच दिसतो, म्हणून नल आल्यावरचा कोड कधी चालवूनच पाहिला जात नाही.