एका दिवसात रोम पाहताना या चुका टाळा

युरोप सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत रोमच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो, आणि तो दिवस कमी पडल्याची तक्रार परतलेला जवळपास प्रत्येक जण करतो. माझ्या मते दिवस कमी पडत नाही; तो रांगेत आणि शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यायेण्यात वाया जातो. पाहण्यासाठी लागणारा वेळ त्या मानाने थोडाच असतो.

पहिली चूक वार न पाहण्याची. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्यातील शेवटचा रविवार तेवढा अपवाद. त्या दिवशी प्रवेश विनामूल्य असतो, पण संग्रहालये दुपारीच बंद होतात आणि फुकट प्रवेशासाठी लागणारी रांग एकदिवसीय प्रवाशाला परवडणारी नसते. बुधवारी सकाळी पोप यांचा जाहीर भेटीचा कार्यक्रम असल्याने सेंट पीटर्स बॅसिलिका या व्हॅटिकनमधील भव्य चर्चमध्ये दुपारपर्यंत प्रवेश मिळेल असे धरून चालू नये. रविवारी दुपारी बाराला ते खिडकीतून प्रार्थना म्हणतात, तेव्हाही बॅसिलिकासमोरचा चौक भरलेला असतो. वार बदलणे हाती नसेल, तर क्रम बदलावा: अशा दिवशी बॅसिलिका तिसऱ्या प्रहरी ठेवावी आणि सकाळ कोलोसियम या प्राचीन रोमन रंगमंडलाला द्यावी. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियमलाही प्रवेश विनामूल्य असतो, म्हणजे गर्दी तिकडे सरकते.

दुसरी चूक सर्वांत महाग पडते, ती म्हणजे कोलोसियम आणि व्हॅटिकनची संग्रहालये एकाच दिवसात बसवण्याचा हट्ट. संग्रहालयांचे प्रवेशद्वार सेंट पीटर्स चौकात नाही. ते तटबंदीला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला, पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. चौकातील लांब रांग ही बॅसिलिकाच्या सुरक्षा तपासणीची असते. संग्रहालयाचे तिकीट हातात घेऊन त्या रांगेत तासभर उभी राहिलेली मंडळी मी पाहिली आहेत, आणि एकदा त्यांच्यात मीही होतो. शिवाय सिस्टिन चॅपेल हे प्रार्थनागृह संग्रहालयाच्या मार्गाच्या जवळजवळ शेवटी येते. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेले तिथले छत पाहायचे तर आधीची दालनेच्या दालने ओलांडावी लागतात, आणि यात तीन तास सहज जातात. म्हणून एकच दिवस असेल, तर संग्रहालये सरळ सोडून द्यावीत आणि बॅसिलिका पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे प्रवेशशुल्क नाही. घुमटावर जायचे असल्यास मात्र तिकीट लागते आणि 551 पायऱ्या चढाव्या लागतात. उद्वाहन घेतले तरी 320 उरतातच.

हे एकदा मान्य केले की रोम एका सरळ वाटेवर येते. सकाळी कोलोसियम, तेथून वीस-पंचवीस मिनिटे चालत ट्रेव्ही कारंजे, पुढे दहा मिनिटांवर पँथिऑन हे प्राचीन मंदिर, लगतच पियात्सा नव्होना हा चौक, मग टायबर नदी ओलांडून व्हॅटिकन. पूर्वेकडून पश्चिमेकडे, मागे न वळता. मेट्रोच्या भरवशावर राहणाऱ्यांचा इथे हिरमोड होतो, कारण शहरात तीनच मार्ग आहेत आणि पँथिऑनच्या परिसरात स्थानकच नाही. जिथे खणावे तिथे प्राचीन अवशेष लागत असल्याने मार्ग वाढवणे सोपे नाही. मोठ्या पर्यटक बसलाही जुन्या भागात मोकळी वाट नसते. नवे कोरे बूट मात्र या दिवशी घालू नयेत. दगडी फरसबंदी तळपायांचा हिशेब संध्याकाळी चुकता करते.

कोलोसियमच्या तिकिटावर वेळ आणि नाव दोन्ही असतात, आणि ओळखपत्र पाहिले जाते. आपल्याकडे पारपत्रावर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते आणि तिकीट काढताना घरातले कोणीतरी सुटसुटीत नाव लिहून मोकळे होते. तसे न करता पारपत्रावरचेच नाव भरावे. मोठी बॅग आत नेता येत नाही. तिकीट मिळालेच नाही, तर दारात घोळक्याने उभ्या असलेल्या विक्रेत्यांच्या नादी लागण्यापेक्षा पंढरपुरात गर्दीच्या दिवशी करतो तसे मुखदर्शन घ्यावे: मेट्रो स्थानकाच्या वरच्या रस्त्यावरून कोलोसियम पूर्ण दिसते, आणि कॅपिटोलिन टेकडीच्या मागच्या सज्जातून प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, म्हणजे अख्खा रोमन फोरम, तोही विनाशुल्क.

बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांचेसुद्धा. पिशवीतली एक ओढणी खांद्यांचा प्रश्न सोडवते. अर्ध्या चड्डीवर उपाय नाही, त्यामुळे ती हॉटेलवरच ठेवावी.

जेवणाची वेळ चुकवू नये. अनेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात ती सातनंतरच उघडतात. अशा वेळी वजनावर विकला जाणारा पिझ्झा कामी येतो. शाकाहारी मंडळींनी सुप्ली नावाचे भाताचे तळलेले गोळे विचारून घ्यावेत, कारण त्यांत अनेकदा मांसाचा रस्सा असतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि पाणी पिण्यायोग्य असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून धार उडते, त्यामुळे ओंजळ धरावी लागत नाही.

टर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 क्रमांकाची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. पाठीवरची पिशवी छातीशी घ्यावी. कार्ड टेकवून प्रवास करायचा असेल, तर प्रत्येकासाठी वेगळे कार्ड लागते.

ट्रेव्हीवर भर दुपारी कारंज्याऐवजी माणसांच्या पाठीच दिसल्या, तर तिथे थांबू नये. रात्री दहानंतर परत यावे. तेव्हा दिवे लागलेले असतात आणि गर्दी बरीच ओसरलेली असते. जवळच्या स्पॅनिश पायऱ्यांवर मात्र बसू नये, कारण 2019 पासून तिथे बसणाऱ्यांना दंड होतो. मेट्रो साधारण साडेअकरापर्यंत असते, तेवढे लक्षात ठेवून परतीची वाट धरावी.